आबांसाठी कोणता म्युझिक प्लेअर घ्यावा आणि त्यात गाणी कशी भरावीत?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढच्या एका गावातून हा प्रश्न आला आहे. घरातले आबा, म्हणजे विचारणाऱ्या ताईंचे सासरे, सत्तरी ओलांडलेले, भजनी मंडळातले. दिवसभर अभंग, नाट्यपदं, कीर्तनं ऐकायची असतात. गावात रेंज असून नसल्यासारखी आणि टचचा फोन त्यांना नकोच. आषाढीला दिंडीतही नेता येईल असा प्लेअर अडीच-तीन हजारांत हवा आहे. मंडळाच्या जुन्या कॅसेटी आहेत, त्यांचं काय करायचं तेही विचारलं आहे. शिवाय बेळगावच्या वडगावात मागावर काम करणाऱ्या दिराला ‘तसाच एक’ पाहिजे.

ताई, आबांसाठी आणि दिरासाठी एकच वस्तू घेऊ नका. आणि ‘आवाज कुठल्या प्लेअरचा चांगला’ या प्रश्नात फार अडकू नका. तीन हजारांच्या आतल्या यंत्रांत आवाजाचा फरक थोडाच असतो. इअरफोन बदलला की त्याहून मोठा फरक कळतो. रोजच्या वापरात सुख की त्रास हे ठरतं बटणांवर, बॅटरीवर आणि मेमरी कार्डात गाणी कशी लावली आहेत त्यावर. माझ्याकडे दुरुस्तीला येणारे प्लेअर बऱ्याचदा बिघडलेले नसतातच. ‘गाणी उलटीपालटी लागूलाल्यात वो’, ‘चारशे भरली, दीडशेच वाजतात की’ अशा तक्रारी असतात, आणि दोष निघतो कार्डात किंवा फाइलींत. म्हणून खरेदीइतकंच भरण्याबद्दलही लिहितो.

ॲपलने २००१ साली आणलेला आयपॉड २०२२ मध्ये बंद केला. बहुतेक मोठ्या कंपन्यांनी त्याआधीच स्वस्त प्लेअरकडे पाठ फिरवली होती. त्यामुळे आज बेळगावच्या खडेबाजार, गणपत गल्लीत फिरलात तर या किमतीत निवड फार नाही. तीनशे ते सातशे रुपयांत पडदा नसलेले, चिमट्याचे छोटे प्लेअर मिळतात. आबांसाठी ते अजिबात नको. कुठलं गाणं चालू आहे ते कळत नाही, बॅटरी तीन-चार तासांत मान टाकते, आणि बंद करून चालू केलं की बरेचसे पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरू होतात. तासाभराचं कीर्तन ऐकणाऱ्या माणसाला रोज तेच पहिलं पाऊण कीर्तन ऐकावं लागतं.

त्याच्या वर, साधारण दीड ते पाच हजारांत, पडदा आणि बटणं असलेले खरे प्लेअर येतात. सॅनडिस्कचे क्लिप मालिकेतले किंवा रुईझू, एजीपीटेकसारखे चिनी. दुकानात नसले तर मागवावे लागतात. हे घेताना मॉडेल नीट वाचा, कारण एकाच मालिकेत फरक असतो: सॅनडिस्कच्या क्लिप जॅममध्ये कार्डाची खाच आहे, क्लिप स्पोर्ट गोमध्ये नाही. खाच नसलेला घेतला की पुढे नवी गाणी भरण्यासाठी दर वेळी अख्खा प्लेअर संगणकाला जोडावा लागतो. खाच असली की कार्ड काढून बेळगावला कोणाकडे तरी पाठवता येतं, प्लेअर आबांच्या खिशातच राहतो. तुमच्यासारख्या घराला ही सोय मोठी.

पण आबांसाठी माझी पहिली पसंती या दोन्हींना नाही. बटणांचा साधा कीपॅड फोन घ्या, दीड-दोन हजारांचा, कार्डाची खाच आणि साडेतीन मिलिमीटरचं इअरफोनचं भोक असलेला. सिम घालू नका. बटणं मोठी, अक्षरं ठळक, स्पीकर मोठा, एफएम आहे, टॉर्चही आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅटरी निघते. बऱ्याच मॉडेलांत बीएल-५सी जातीची, हजारेक एमएएचची बॅटरी असते आणि ती कुठल्याही गावच्या मोबाइल दुकानात मिळते. क्लिप प्लेअरची बॅटरी आत डकवलेली असते. दोन-तीन वर्षांनी ती उतरली की बहुतेक वेळा प्लेअरच टाकावा लागतो. कीपॅड फोनचे दोष सांगतो: काही मॉडेलांत फोल्डरप्रमाणे गाणी लागत नाहीत, सगळी एका लांबलचक यादीत येतात, आणि इअरफोन लावल्यावर मागे बारीक सरसर ऐकू येते. अभंगाला ती खटकत नाही. सिमशिवाय गाण्यांचा मेन्यू उघडतो का, हे दुकानात बघूनच पैसे द्या.

घरात जुना स्मार्टफोन पडून असेल तर तोही उत्तम प्लेअर होतो. सिम काढायचं, एअरप्लेन मोड लावायचा, म्युझिकोलेट किंवा व्हीएलसी घालायचं. देवनागरी आणि कन्नड नावं नीट दिसणारं स्वस्तातलं यंत्र म्हणजे तेच. पण आबांना टच नको म्हणताय तर विषय संपला. सारेगामाच्या मोठ्या कारवाँसारखा गाणी भरलेला खोका घरात ठेवायला छान, पण खिशात बसत नाही आणि तुमच्या बजेटच्या बाहेर जातो. फियो, हायबी, शानलिंग या कंपन्यांचे प्लेअर तासन्‌तास ख्याल ऐकणाऱ्याला पैसे वसूल करून देतात. दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडता वाजवणं, फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेल्या, मोठ्या) फाइली, जास्त ताकद लागणारे हेडफोन सहज चालवणं, हे त्यांना जमतं. किंमत मात्र साधारण सात-आठ हजारांपासून पुढे. आत्ता त्याची गरज नाही.

एफएमबद्दल एक गोष्ट. बऱ्याच यंत्रांत इअरफोनची तारच त्याची अँटेना असते, त्यामुळे स्पीकरवर ऐकायचं तरी तार खोचलेली हवी. आबा धारवाड आकाशवाणी मीडियम वेव्हवर ऐकत असतील तर ते प्रक्षेपण या कुठल्याच यंत्रावर लागणार नाही. त्यासाठी जुना ट्रान्झिस्टर जपून ठेवा.

दुकानात जाताना स्वतःचं भरलेलं कार्ड आणि स्वतःचे इअरफोन घेऊन जा. त्या कार्डात तीन-चार फोल्डर, एक तासभराची फाइल आणि क्रमांक घातलेली दहा गाणी असू द्या. दुकानदाराच्या समोर लावा. फोल्डर बदलता येतो का, गाणी क्रमाने लागतात का, लांब फाइल मध्येच थांबवून यंत्र बंद करून चालू केल्यावर तिथूनच पुढे जाते का, बटणं कुलूपबंद करता येतात का. हे शेवटचं विसरू नका. सदऱ्याच्या खिशात बटण दाबलं जाऊन आवाज एकदम वाढला की म्हातारी माणसं त्या वस्तूचा धसका घेतात.

आता कार्ड. ३२ जीबीचंच घ्या, मोठं नको. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ या पद्धतीने आखलेली येतात आणि ती बहुतेक स्वस्त यंत्रांना वाचता येते. ६४ जीबीपासून पुढची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, तिथे यंत्र ‘कार्ड नाही’ म्हणून मोकळं होतं. ३२ जीबी पुरणार नाही अशी शंका येते म्हणून हिशेब देतो. १२८ केबीपीएसची (हा आकडा मोठा तसा दर्जा आणि जागा जास्त) एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण एक एमबी घेते. म्हणजे या कार्डात पाचशे तासांच्या वर गाणी बसतात. १९२ केबीपीएसला सव्वातीनशेच्या वर. रोज चार तास ऐकलं तरी तीन-चार महिने पुनरावृत्ती नाही.

कार्ड खोटं निघण्याचं प्रमाण मात्र दुर्लक्ष करण्यासारखं नाही. वर लिहिलेलं ३२ किंवा १२८, आत खरी जागा चार किंवा आठ. संगणकालाही ते खोटाच आकडा दाखवतं. भरताना काही कळत नाही. खरी जागा संपली की पुढची गाणी नुसती नावापुरती राहतात, किंवा आधीच्यांवर चढून ती खराब करतात. ‘चारशे भरली, दीडशे वाजतात’ याचं कारण बहुधा हेच. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३ ही फुकट साधनं कार्ड पूर्ण भरून, परत वाचून तपासतात. नव्या कोऱ्या कार्डावर आधी हे चालवा, मग गाणी भरा. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

आता भरण्याचा भाग, जिथे खरी मेहनत आहे.

स्वस्त यंत्रं गाणी नावाच्या क्रमाने लावतील असं नाही. बरीचशी कार्डावर जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतात. तुम्ही पन्नास गाणी एकदम निवडून ओढून टाकलीत की संगणक ती कुठल्याही क्रमाने लिहू शकतो, आणि मग काकड्याच्या आधी भैरवी लागते. त्यामुळे दोन गोष्टी करा. नावाच्या आधी दोन आकडी क्रमांक घाला, ०१, ०२ असे, पण अंक इंग्रजी. आणि संगणकावर फोल्डर नावाप्रमाणे लावून मग एकेक फोल्डर क्रमाने कार्डावर न्या. मध्येच एखादं गाणं घुसवायचं असेल तर तो फोल्डर कार्डावरून पुसून पूर्ण पुन्हा लिहा. फॅटसॉर्ट नावाचं छोटं साधन हे काम आपोआप करतं. ज्याला संगणक सवयीचा आहे त्याने ते वापरावं.

नावं रोमन लिपीत ठेवा. पुष्कळ स्वस्त यंत्रांत देवनागरीचा फाँट नसतो, चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं दिसतात. कन्नडचंही तेच. फाइलच्या आत गाण्याचं आणि गायकाचं नाव वेगळं साठवलेलं असतं, पुष्कळ यंत्रं फाइलचं नाव सोडून तेच दाखवतात. म्हणून एमपीथ्रीटॅग या साधनाने आतलं नावही बदला. नाहीतर तुम्ही मेहनतीने नाव घातलेलं आणि पडद्यावर कुठल्या तरी डाउनलोडच्या दुकानाची जाहिरात.

फोल्डर गायकाप्रमाणे करण्याचा मोह होतो, पण आबांना तसं नको. ते ज्या वेळी जे ऐकतात त्याप्रमाणे करा: पहाटेचा काकडा, हरिपाठ, दुपारची नाट्यपदं, रात्रीचं कीर्तन. आपल्याकडे एकाच घरात दोन्ही भाषांचं ऐकलं जातं. भीमसेन जोशींचे मराठी अभंग आणि कन्नड दासपदं (हरिदासांची भक्तिपदं), मल्लिकार्जुन मन्सूरांची कन्नड वचनं. ती गायकाच्या नावाखाली एकत्र टाकली की हरिपाठाच्या मध्ये दासपद येतं. काहींना ते आवडतंही, आबांना विचारून घ्या. एका फोल्डरमध्ये पंचवीस-तीसपेक्षा जास्त गाणी नकोत, बटण दाबत खाली जाताना माणूस कंटाळतो.

भजनी मंडळाची रेकॉर्डिंगं हल्ली व्हॉट्सॲपवर येतात. त्यातल्या व्हॉइस मेसेजची फाइल ओपस जातीची असते, ती कीपॅड फोन किंवा क्लिप प्लेअर सहसा वाजवत नाही. एम४ए कधी चालते, कधी नाही. व्हीएलसी किंवा फ्रीॲक वापरून सगळं एमपीथ्रीत बदलून घ्या. पण आधीच १२८ची असलेली फाइल ३२० करून काही मिळत नाही. जागा वाढते, आवाज तोच राहतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून आलेली तीन-साडेतीन मिनिटांची गाणी तर मुळात एका वाहिनीची (मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज) आणि सरसर असलेली. आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांची लहानपणची ध्वनिमुद्रणं ऐकलीत तर कळेल. त्यांना १२८ पुष्कळ झालं.

या जुन्या गाण्यांचा आवाज बारीक आणि नव्या भजनांच्या अल्बमचा दणदणीत. लागोपाठ लागले की आबा सारखे आवाजाचं बटण शोधणार. एमपीथ्रीगेन हे साधन सगळ्या फाइलींची पातळी एकसारखी करतं, दर्जा न घालवता. त्यात मुळात ८९ डेसिबल ठरवलेलं असतं. आबांना कमी वाटलं तर ९२ करा, त्यापुढे जाऊ नका, गाणं फाटायला लागतं. एवढं एक काम केलंत तरी यंत्र दुप्पट किमतीचं वाटेल.

कॅसेटींचं काम पावसाळ्याआधी उरका. तुमच्याकडच्या दमट हवेत फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, ती बुरशी हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या कॅसेटीवर जाते. स्वच्छ दिसणारी कॅसेटही आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, चिकटलेले थर सुटतात. वरच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे तोडलेले आहेत ना बघा. नसतील तर तोडा, म्हणजे चुकून कोणी त्यावर रेकॉर्डिंग करणार नाही. आवाज दबका, जाड येत असेल तर फितीच्या मागची नमद्याची बारीक गादी पडली आहे का पाहा. गोंद सुकून ती गळते. मग फीत दुसऱ्या, स्क्रूच्या कवचात घालावी लागते. हात स्थिर असेल तर घरी जमतं.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेपच्या इअरफोनच्या भोकातून तार काढून संगणकाला द्यायची, पण लॅपटॉपला एकच भोक असेल तर त्यातून आत जाणारा मार्ग माइकचा, एका वाहिनीचा असतो आणि आवाज फाटतो. लाइन-इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड वापरा. ऑडॅसिटी हे फुकट साधन रेकॉर्डिंगला पुरतं. पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोरात टाळ वाजतात तिथे काटा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. टाळांवर बेतून पातळी धरली नाही तर शांत आलाप छान येतो आणि गजर सुरू झाला की सगळं चिरकतं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतातच, घाई करण्याची सोय नाही. मूळ रेकॉर्डिंग वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये संगणकावर आणि दुसऱ्या एका डिस्कवर ठेवा. प्लेअरसाठी मोनो, ९६ केबीपीएसची एमपीथ्री काढा, तासाला ४३ एमबीच लागतात. ऑडॅसिटीतलं सरसर काढण्याचं साधन हलक्या हाताने वापरा. जास्त घासलं की टाळाची किणकिण जाते आणि बुवांचा आवाज नळीतून आल्यासारखा होतो. मंडळातले म्हातारे मग म्हणतात, हा आमचा बुवा नव्हेच.

इअरफोनला चारशे-पाचशे रुपये बाजूला ठेवा, तारेचा घ्या. ब्लूटूथचा घेतला तर आबांना दोन वस्तू चार्ज करायच्या, जोडणी तुटली की परत जोडायची. रोजचा ताप. कानात खोचायचे बोंडे वयस्करांना टोचतात. कानावर बसणारा हलका हेडफोन बरा, आणि श्रवणयंत्र असेल तर तोच एक पर्याय. साठ-सत्तरच्या दशकातल्या काही स्टिरिओ गाण्यांत गायक एका कानात आणि साज दुसऱ्या कानात असतो. आबांना एका कानाने कमी ऐकू येत असेल तर अशा फाइली मोनो करून भरा.

दिंडीचं म्हणाल तर, आपल्या जिल्ह्यातल्या अंकलीहून माउलींचे अश्व आळंदीला निघतात, आसपासच्या गावांतून दिंड्या निघतात. चालताना शेजारी मृदंग वाजत असताना कान बंद करून यंत्रातला अभंग ऐकावा हे मला काही पटत नाही, आणि हमरस्त्याच्या कडेने चालताना ते धोक्याचंही आहे. मुक्कामी, रात्री, जरूर. तिथे चार्जिंगच्या फळीवर गर्दी असते, म्हणून जादा भरलेली बॅटरी खिशात ठेवा. झिपच्या जाड पिशवीत यंत्र, बॅटरी, तार. पावसात एवढं पुरतं. जादा बॅटरी सुट्या नाण्यांबरोबर ठेवू नका, टोकं जुळून तापते. आणि बॅटरी फुगलेली दिसली, मागचं झाकण नीट बसेना झालं, तर दाबून बसवू नका, बदला.

आता तुमचे दीर. ते मागावर उभे असताना ऐकण्यासाठी मागत असतील तर नाही म्हणा. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज नव्वद-शंभर डेसिबलच्या घरात असतो. त्याच्यावर गाणं ऐकू यायचं तर ते त्याहून मोठं लावावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल आठवड्याला फक्त ४ तास. म्हणजे एका पाळीतच आठवड्याचा वाटा संपतो, गाणं न लावताही. आवाज कापणारे महागडे इअरफोन घोंगावणारा एकसुरी आवाज कापतात, धोट्याचा खटका तितका कापत नाहीत. कामावर फोमचे कानातले बोळे घालायचे. प्लेअर सुट्टीला, बसमध्ये, रात्री. त्यांच्यासाठी मात्र चिमट्याचा, पडद्याचा, ब्लूटूथ असलेला क्लिप प्लेअर ठीक आहे, शर्टाला लागतो आणि डोळे चांगले असले की बारीक अक्षरं वाचता येतात.

चार्जिंगचा एक घोळ आधीच सांगतो. काही स्वस्त प्लेअरना टाइप-सी भोक असतं, पण दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या नव्या फोनच्या तारेवर ते चार्जच होत नाहीत, आतले दोन छोटे रोध (रेझिस्टर) बसवायचे वाचवलेले असतात. दुकानदार बदलून देईना म्हणून लोक चिडतात. जुन्या चौकोनी यूएसबीची, एका टोकाला टाइप-सी असलेली तार आणि साधा ५ व्होल्ट, १ ॲम्पिअरचा चार्जर लावा, चालू होतो. आणि संगणकाला जोडल्यावर नुसताच चार्ज होत असेल, फोल्डर दिसत नसेल, तर आधी तार बदलून बघा. काही तारांत फक्त वीज जाते, गाणी जात नाहीत.